तोलणारा आणि पाहणारा

४ जानेवारी

चि. बत्त्या,

आशीर्वाद. वाढदिवसाला एक कार्ड पाठवून तू मोकळा होतोस, त्यावरचा पत्ता पाहून लिहिते आहे. फोन करणार होते, पण फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि पाचव्याला ठेवून देतो. पत्रात निदान माझं बोलणं संपेपर्यंत तुला गप्प बसावं लागेल.

काम आहे, नाहीतर हा मान मी तुला दिला नसता. आमच्या औषधविक्रेत्यांच्या मंडळात सध्या एकच विषय चाललाय. लोक दुकानात येतात, जीवनसत्त्वांच्या नाहीतर प्रोटीनच्या बाटल्या काउंटरवर ठेवतात आणि विचारतात, हे बनतं कसं हो? वर लिहिलंय ते खरंच आत असतं का? आणि आम्ही सगळे फार्मासिस्ट, मागच्या भिंतीवर पदव्या टांगलेल्या, पण तोंडातून शब्द फुटत नाही. औषधाची गोळी कशी होते ते आम्ही शिकलो. ही सप्लिमेंटची भानगड आमच्या वेळी पुस्तकात नव्हती. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, बाईंचा भाचाच अशा कारखान्यात आहे, त्याच्याकडून त्यांनी समजून घ्यावं आणि आम्हाला समजवावं. हे अध्यक्ष म्हणजे तेच, कुठल्याही दुखण्यावर गोड सिरप काढून देणारे, ज्यांना तू लहानपणी सरबत म्हणायचास. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही म्हणायला तोंड उघडलं तोवर चहा आला.

तर सरळ विचारते. तू स्वतःच येऊन सांगशील का? दुकानावरची तुझी खोली आहे तशी आहे. गादीला ऊन दाखवून घेतलंय. नऊ वर्षांपूर्वी गिऱ्हाइकांच्या देखत मी तुला 'बाटल्या भरणारा' म्हणाले आणि तू मला 'खलात अडकलेली बाई' म्हणालास. दोन्ही मला पाठ आहे, तुलाही असणार. त्याची उजळणी करायला बोलावत नाहीये.

येणं जमणार नसेल तर लिहून पाठव. पण पाच वर्षांच्या पोराला सांगतात तसं, वस्तू डोळ्यांसमोर उभी करून.

तुझी आत्या

&nbsp;

१६ जानेवारी

ती. आत्या,

नमस्कार. पत्र मिळालं. तुमची तब्येत ठीक असेल अशी आशा आहे. सध्या आमच्याकडे तपासणीचे दिवस आहेत, रजा मिळणं अवघड आहे. त्यामुळे लिहूनच पाठवतो.

सुरुवात कच्च्या मालापासून. मालाचे ड्रम आले की ते थेट आत जात नाहीत. एका वेगळ्या खोलीत, पिवळी चिठ्ठी लावून, अडकवून ठेवतात. पुरवठादाराने ड्रमवर 'क जीवनसत्त्व' लिहिलंय म्हणून ते क जीवनसत्त्व आहे असं आम्ही मानत नाही. प्रयोगशाळेतला माणूस नमुना काढतो, आत तेच आहे का, शुद्ध किती आहे, शिसं वगैरे नको ते आलंय का, हे पाहतो. सगळं नीट निघालं तरच पिवळीच्या जागी हिरवी चिठ्ठी लागते. तोवर साहेब असो की मालक, ड्रमला कुणी हात लावायचा नाही.

मग तोलायची खोली. तिथला एक नियम मंडळाला जरूर सांगा. एकट्याने काहीही तोलायचं नाही. एक जण तोलतो, दुसरा बाजूला उभा राहून काट्यावरचा आकडा आणि ड्रमवरचं नाव आपल्या डोळ्यांनी पाहतो. दोघांच्या सह्या झाल्या की माल पुढे. माझी जोडीदारीण गेली वीस वर्षं हेच काम करते आहे, तरीही मी शेजारी नसेन तर ती चमचासुद्धा उचलत नाही. माणूस कितीही हुशार असला तरी स्वतःची चूक त्याला स्वतःला दिसत नाही, असं ती म्हणते.

त्यानंतर मिश्रण. फॉलिक आम्ल एका गोळीत इतकं कमी लागतं की ते सगळ्या मालात एकदम टाकलं तर एका गोळीत ढीगभर जाईल आणि दुसरीत काहीच नाही. म्हणून ते आधी चिमूटभर भुकटीत कालवायचं. दोन्ही एकजीव झालं की त्या दोघांइतकीच आणखी भुकटी. मग त्या सगळ्याइतकी आणखी. हे मला इथे कुणी शिकवावं लागलं नाही. आई-बाबा गेल्यावर तुम्ही मला काउंटरवर बसवून हातात बत्ता दिला होता, तेव्हाच शिकलो. "थोड्यात थोडं. घाई कुणाला आहे?" इथे खलाच्या जागी माणूस मावेल एवढा मोठा ड्रम फिरतो, एवढाच फरक.

शंका असतील तर कळवा.

आपला,
भाचा

&nbsp;

२५ जानेवारी

बत्त्या,

'तुम्ही' काय, 'आपला' काय! मी काय औषध निरीक्षक आहे? पत्र वाचताना वाटलं, कुणीतरी मला नोटीस पाठवली आहे. नाक फुगवून बसायची तुझी सवय कागदावरसुद्धा कळते.

मला फारसं समजलं नाही. चिठ्ठ्या पिवळ्या आणि हिरव्या, हे ठीक. पण मला ते दिसत नाही अजून. त्या ड्रमचा आवाज कसा येतो? भुकटीला हात लावला तर कशी लागते, रव्यासारखी की पिठासारखी? वास कसला येतो? गोळी दाबल्यावर गरम असते की गार? हे सगळं लिही. माणसं ऐकायला बसली की त्यांना आकडे नको असतात.

इथलं म्हणशील तर दुकान चालू आहे. समोरच्या गल्लीत एक मोठं दुकान निघालंय, आत शिरलं की गार वारा आणि पडद्यावर जाहिराती. सरबतांचं निम्मं गिऱ्हाईक तिकडे वळलं. माझं नाही वळलं. माझी माणसं चिकट आहेत. हल्ली मी संध्याकाळी जरा लवकर बंद करते, दिव्याचा उजेड पिवळा पडतो आणि कंटाळा येतो. पलीकडचे निवृत्त मास्तर दुपारी येऊन बसतात आणि मला वर्तमानपत्र वाचून दाखवतात. त्यांनाही कुणीतरी ऐकणारं लागतं.

अक्षर मोठं झालंय असं वाटेल. नवा पेन आहे, जाड आहे.

अजून सांगते, तू आलास तर सगळं एका दुपारी उरकेल. तुझा टपालखर्च वाचेल.

आत्या

&nbsp;

९ फेब्रुवारी

ती. आत्या,

जाड पेन कसला, दुकानाच्या पाटीवर रंगवतात तसं अक्षर आहे. एका पानावर सात ओळी! पाकीट उघडताना मला वाटलं, दुकानातली सगळी कागदपत्रं पाठवलीत की काय.

बरं, आवाज. मिश्रणाच्या ड्रमचा आवाज वाळूवरून बैलगाडी गेल्यासारखा, मंद. गोळ्यांच्या यंत्राचा मात्र कान फाडणारा, धडधड नाही, एक सलग खडखडाट. तिथे कानावर जाड झाकणं चढवल्याशिवाय उभं राहता येत नाही. आम्ही एकमेकांशी हातवारे करून बोलतो. भुकटी म्हणशील तर ब जीवनसत्त्वाची पिठासारखी, बोटाला लागली की पिवळंजर्द बोट दोन-दोन दिवस राहतं. आणि वास! कपडे धुतले, अंग घासलं तरी तो उग्र वास जात नाही. बसमध्ये माझ्या शेजारची जागा शेवटी भरते. यंत्रातून पडलेली गोळी कोमट असते, नुकत्या घातलेल्या अंड्यासारखी नाही, पण तळहातात धरावीशी वाटते इतपत.

मग त्या गोळीचे हाल सुरू होतात. एका गोल डब्यात घालून तिला गरागरा फिरवतात, वरून खाली आपटतात, आणि किती भुगा झाला ते पाहतात. नंतर अंगाच्या उष्णतेइतक्या गरम पाण्यात जाळीच्या पाळण्यात वरखाली झुलवतात. ठरलेल्या वेळात विरघळली नाही तर सगळा घाणा परत. पोटात जाऊन तशीच बाहेर पडणारी गोळी काय कामाची? हे मंडळाला सांग, हसतील.

आणखी एक गोष्ट आहे, ती सहसा कुणी विचारत नाही. बाटलीवर जेवढं जीवनसत्त्व लिहिलेलं असतं त्याहून थोडं जास्त आम्ही आत घालतो. कारण दिवस जातील तसं ते हळूहळू कमी होत जातं, कितीही घट्ट झाकण लावलं तरी. बाटलीवर लिहिलेलं आहे ते शेवटच्या दिवशीसुद्धा पुरतं भरलं पाहिजे. म्हणून पुढे जे उणं होणार ते आधीच जास्तीचं घालून ठेवायचं. किती घालायचं याला हद्द असते, त्याचा हिशेब प्रयोगशाळा करते.

हे लिहिताना 'तू' आलं की 'तुम्ही', लक्षात राहिलं नाही. खाडाखोड करत नाही.

तुझा,
बत्त्या

&nbsp;

२१ फेब्रुवारी

बत्त्या रे,

तू मला चांगलंच तोंडघशी पाडलंस. मंडळात मी मोठ्या रुबाबात पहिला भाग सांगितला. पिवळी चिठ्ठी, हिरवी चिठ्ठी, दोन माणसं, सगळं. लोकांनी वह्या काढल्या. मग मी म्हणाले, बाटलीवर लिहिलंय त्याहून जास्त आत असतं. झालं! सरबत ताडकन उठले. "म्हणजे लबाडीच की! लिहायचं एक आणि घालायचं दुसरं!" मागच्या खुर्च्यांवरून हूं हूं सुरू झालं. मी तुझं पत्र काढलं आणि पुढचं वाचायला घेतलं. मग मीच म्हणाले, मास्तर, तुम्ही वाचा, माझा घसा बसलाय. मास्तरांनी ते मोठ्यानं वाचलं. "पुढे जे उणं होणार ते आधीच जास्तीचं घालून ठेवायचं." सरबत खाली बसले आणि म्हणाले, हे आपल्याला कॉलेजात कुणी सांगितलं असतं तर.

घरी आल्यावर मी तेच घोळवत बसले होते. तुला वाढवताना मी हिशेब केला नव्हता. जेवढं होतं तेवढं सगळं घातलं. नऊ वर्षांत किती उरलं असेल, कोण जाणे. तू तिकडे बसून ते तपासून घेतोस की नाही, मला माहीत नाही.

मी भांडत नाहीये. मला तुझी आठवण येते, हे सांगते आहे. सकाळी शटर वर करते तेव्हा येते, कारण खालची कडी तू उघडायचास आणि वरची मी. आता दोन्ही मीच उघडते, वाकून आणि मग स्टुलावर चढून. खल अजून काउंटरवर आहे. त्यात आता सुटे पैसे ठेवते.

तुमच्याकडे एकट्याने कुणी तोलत नाही म्हणालास. मी इथे सगळं एकटीच तोलते, वाचते, देते. याचं काय करायचं ते तुझ्या जोडीदारणीला विचार.

ये ना.

आत्या

&nbsp;

६ मार्च

आत्या,

तुझं पत्र खिशात घेऊन आठवडाभर फिरतोय.

खरं सांगतो. रजेचं निमित्त होतं. रजा मिळाली असती. मी आलो आणि आपण दोघं जिन्यात समोरासमोर उभे राहिलो तर पहिलं वाक्य कुणी बोलायचं, इथेच माझी गाडी अडते. मी निघालो तेव्हा तू खाली दुकानात गोळ्या मोजत होतीस. मी बॅग घेऊन तुझ्या समोरून गेलो. तू मान वर केली नाहीस आणि मी थांबलो नाही.

म्हणून एक मधली वाट काढली आहे. व्यवस्थापकांना मंडळाबद्दल सांगितलं. ते म्हणाले, बोलवा सगळ्यांना, एक दिवस कारखाना दाखवू, फार्मासिस्टनी पाहिलंच पाहिजे. बस आम्ही पाठवू, पंधरा माणसं, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. दाखवणारा मीच. नियम सांगून ठेव. अत्तर नको, घड्याळ-अंगठी नको. फाटकाजवळच्या खोलीत सगळ्यांना पांढरा डगला, टोपी, तोंडावर मास्क आणि डोळ्यांवर मोठा चष्मा चढवतात, मगच पाहुणे माझ्याकडे येतात. आत एक बुटका बाक आडवा टाकलेला आहे. त्याच्यावर बसायचं, एकेका पायात मोजा चढवायचा आणि तो पाय बाकापलीकडे टाकायचा. अलीकडे बाहेरची धूळ, पलीकडे स्वच्छ. मोजा चढलेला पाय परत अलीकडे ठेवायचा नाही.

तू येशील? प्रवास लांबचा आहे, बस हाडं खिळखिळी करते आणि तुझे गुडघे बोलके आहेत. त्रास होणार असेल तर नको येऊस, सरबतांना पाठव. पण येशील?

तुझा बत्त्या

&nbsp;

१४ मार्च

बत्त्या,

माझं यायचं काही जमणार नाही. गुडघे आहेतच, आणि दुकान कुणावर टाकून येऊ? सरबत येतील, मास्तरांनाही बरोबर नेणार आहेत, ते फार्मासिस्ट नाहीत पण त्यांना कोण थांबवणार. त्यांना नीट दाखव. सरबतांना गोड चव असलेली बाटली आवडेल, ती आधी दाखव.

आत्या

&nbsp;

११ एप्रिल

आत्या,

काल तुझी माणसं येऊन गेली. सगळं छान झालं, म्हणजे सगळे म्हणाले तसं. सरबतांनी प्रत्येक खोलीत प्रश्न विचारले आणि प्रत्येक उत्तरावर "अस्सं!" म्हणाले. राखीव नमुन्यांच्या खोलीत, जिथे आम्ही प्रत्येक घाण्यातली एक बाटली जपून ठेवतो, तिथे मास्तर कितीतरी वेळ उभे होते. म्हणाले, शाळेतून गेलेल्या प्रत्येक वर्गातलं एक पोर असं ठेवून घेता आलं असतं तर बरं झालं असतं.

मला मात्र एक गोष्ट मान्य करायला हवी. तू येणार नाहीस असं लिहिलं होतंस तरी मी वाट पाहिली. पाहुणे आत आले, सगळे डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, आणि मी प्रत्येकाच्या खांद्यांकडे पाहिलं. तुझे खांदे मला कुठेही ओळखू आले असते, औषधांच्या कपाटाएवढे रुंद. तसे कुणाचेच नव्हते. मग मी बोलायला सुरुवात केली.

एक म्हाताऱ्या काकू होत्या, अगदी बारीक, डगला खाली लोळत होता त्यांचा. बाकाजवळ आल्यावर त्या अडखळल्या. मी कोपर धरलं, म्हणालो, "काकू, इथे बाक आहे, बसा आणि पाय सावकाश पलीकडे टाका, घाई नाही." बसल्या, दोन्ही पाय नीट पलीकडे टाकले आणि माझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. पुढे यंत्राच्या खोलीत त्यांनी मला काहीतरी विचारलं. कानावर झाकणं, वर तो खडखडाट, मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मी हातानेच सांगितलं, बाहेर गेल्यावर विचारा. बाहेर गेल्यावर त्यांनी विचारलंच नाही, सगळ्यांच्या आधी जाऊन बसमध्ये बसल्या. काय विचारायचं होतं कोण जाणे. राहून गेल्यासारखं वाटतंय.

सरबतांना तुझ्याबद्दल विचारलं. ते खोकले आणि म्हणाले, ठीक आहेत. एवढे कमी शब्द त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकले. तू खरंच ठीक आहेस ना?

बत्त्या

&nbsp;

२० एप्रिल

बत्त्या, माझ्या राजा,

हे पत्र मास्तर लिहून घेताहेत, मी सांगते आहे. तू अक्षर पाहून घाबरू नकोस. सरबतांवर रागावूही नकोस, त्यांच्याकडून मी वचन घेतलं होतं आणि बिचारे प्रवासभर त्या वचनाने गुदमरले.

ती काकू मी होते.

खांदे शोधलेस ना? ते राहिले नाहीत आता. दोन वर्षांत मी निम्मी झाले. आणि डोळ्यांचं म्हणशील तर मधोमध एक धुरकट ठिपका आहे, तो रोज थोडा पसरतो. कडेकडेने दिसतं, समोर बघितलं की पाहायचं तेच नेमकं जातं. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकवू, गेलेलं येणार नाही. पेन जाड नव्हता रे. माझ्या ओळी मलाच दिसाव्यात म्हणून मोठ्या काढत होते. आणि तुला सारखं आवाज सांग, वास सांग, हाताला कसं लागतं सांग म्हणत होते, ते मंडळासाठी नव्हतं.

येणार नाही असं लिहिलं, कारण मला वाटलं, तू मला असं पाहिलंस तर कीव करून येशील. मला तुझी कीव नको होती, तू हवा होतास. पण बस दारातूनच जाणार म्हटल्यावर मन आवरेना. म्हटलं, मागे उभी राहीन, नुसता आवाज ऐकेन.

आणि ऐकला. फाटकाच्या खोलीतून आत आल्या आल्या. जाड झालाय तुझा आवाज, वडिलांसारखा. पुढे एक पांढरा ठिपका होता, तो तू असणार असं धरून चालले. मग तू माझं कोपर धरलंस. मला वाटलं, आता ओळखेल. तू 'काकू' म्हणालास. मी बाकावर बसले आणि पाय पलीकडे टाकताना तोंडाशी आलं होतं, बत्त्या, अरे मी आहे. तेवढ्यात मागचे लोक सरकले, आणि शब्द तसाच राहिला.

मिश्रणाच्या खोलीत सांगायचं ठरवलं होतं. पण तिथे तू सगळ्यांना म्हणालास, "हे मला एका बाईंनी खलात शिकवलं. थोड्यात थोडं. घाई कुणाला आहे?" अगदी माझ्या सुरात, वैताग धरून. हे तू मला पत्रात लिहिलं नाहीस की असं तू येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतोस. मग काय, मास्कच्या आत माझं पाणी पाणी झालं, त्या मोठ्या चष्म्यावर वाफ धरली आणि होतं नव्हतं तेही दिसेनासं झालं. मास्तरांनी हात धरून बाहेर आणलं मला.

यंत्रापाशी विचारलं ते असं. "घरी कधी येणार?" तिथे विचारलं, कारण तिथे तुला ऐकू येणार नाही हे माहीत होतं. बाहेर परत विचारायचा धीर झाला नाही.

आता शेवटचं, आणि हे सर्वांत अवघड. मागच्या महिन्यात एका आजोबांसाठी मी दुप्पट ताकदीची गोळी काढली. रंग तोच, डबी तीच. हातात घेताना पट्टी जड लागली म्हणून थबकले आणि मास्तरांना वाचायला लावलं. गोळी दुकानाबाहेर गेली नाही. पण त्या दिवसापासून मी स्वतःच्या हाताने कुणालाच औषध दिलेलं नाही. बाहेर 'साठा मोजणी चालू' अशी पाटी लावून बसते. गल्लीतल्या मोठ्या दुकानवाल्यांनी जागा मागितली आहे. महिनाअखेरीला हो म्हणणार आहे.

तू ये असं म्हणत नाही. इतक्या वेळा म्हणून झालं. तुला खरं कळावं, एवढ्यासाठी हे.

तुझी आत्या

(मास्तरांचं: बाईंनी सांगितलं तसं लिहिलं आहे. मधे दोनदा थांबावं लागलं, त्यातलं एकदा माझ्यामुळे.)

&nbsp;

२६ एप्रिल

आत्या,

मास्तर, हे पत्र तिला मोठ्यानं वाचून दाखवा आणि कृपा करून काही गाळू नका.

पत्र मी तोलायच्या खोलीबाहेर उभा राहून वाचलं. जोडीदारीण आतून हाक मारत होती, कारण मी गेल्याशिवाय तिला हात लावता येत नव्हता. मी आत गेलो, डोळे पुसले, आकडा पाहिला, सही केली आणि तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग इथे माझ्या शेजारी काय उभा आहेस? माझ्या शेजारी दुसरा कुणीही उभा राहील."

तुझं कोपर अजून माझ्या हातात आहे. काही वजनच नव्हतं त्याला. मी रोज दहा ठिकाणी वजनं बघतो आणि मला ते समजलं नाही. तू समोर होतीस आणि मी खांदे शोधत बसलो. याचं मला फार वाईट वाटतं, आत्या. तू मागे उभी राहून माझा आवाज ऐकलास आणि परत बसमध्ये जाऊन बसलीस, हे मनातून जात नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पाच तारखेला, दुपारच्या गाडीने. महिन्याची रजा घेतली आहे. त्यापुढचं तिथे आल्यावर, समोरासमोर भांडून ठरवू. तोवर मोठ्या दुकानवाल्यांना हो म्हणू नकोस आणि पाटी काढू नकोस. आलो की तू हाताने ओळखून काढ, मी वाचतो. तुझी इतक्या वर्षांची गिऱ्हाइकं आहेत, कुणाला काय लागतं ते तुलाच ठाऊक. मला फक्त नाव आणि ताकद पाहायची आहे.

खालची कडी मी उघडीन.

तुझाच,
बत्त्या

&nbsp;

३० एप्रिल

बत्त्या,

हे मी माझ्या हाताने लिहिते आहे, मास्तरांना बाहेर बसवलंय. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर चढू देत.

खलातले पैसे काढून तो घासून ठेवला. गादी पुन्हा उन्हात टाकली. सरबतांनी सगळ्या मंडळाला सांगितलंय, त्यामुळे पाच तारखेला दुकानात माणसं उगाचच खोकल्याची औषधं मागायला येतील, तयारीत राहा. पहिलं वाक्य कुणी बोलायचं म्हणून अडला होतास ना? ते तूच बोलायचं आहेस. तू दारात उभा राहिलास तरी मला एक ठिपका दिसेल, तो कुणाचाही असू शकतो. म्हणून आधी आवाज दे, मग आत ये.

घाई कुणाला आहे, असं मी जन्मभर लोकांना विचारत आले. मला आहे.

आणि एक नीट ध्यानात ठेव. काकू म्हणालास तर दार उघडणार नाही.

आत्या